भोंग्याला विसावा

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. बिदरकडच्या एका तालुक्याच्या गावातला, ट्रस्टनं चालवलेला दवाखाना, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक नावावरून भांडत बसतात, आणि जे झालं ते बाजूलाच राहतं. ते बाजूला सारायला तेव्हाही पुष्कळ हात पुढं आले होते. आणखी मदत माझ्याकडून नको.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी तिथं लेकरांच्या वॉर्डात सिस्टर होते. माझं माहेर मादन हिप्परगा. छप्पनच्या दीक्षेनंतर वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि आम्हा बहिणींना शाळेत घातलं. गुलबर्ग्याला मी नर्सिंग शिकले. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे घडलं त्यात मी कुठली, कुणाची, हे काही लोकांना फार महत्त्वाचं वाटलं. मेलेल्या लेकरापेक्षा महत्त्वाचं वाटलं. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि तापू नये असं मला वाटतही नाही.

त्या दवाखान्यात आधी ऑक्सिजनचे सिलिंडर वॉर्डावॉर्डात ढकलत न्यावे लागायचे. फरशीवरून तो लोखंडी ओंडका घरंगळत निघाला की झोपलेली लेकरं दचकून उठायची. मग ट्रस्टच्या लोकांनी पाइपलाईन बसवली. दवाखान्याच्या मागं एक खोली बांधली, तिच्यात सिलिंडरच्या दोन रांगा उभ्या केल्या. एक रांग चालू, दुसरी राखीव. तिथून तांब्याची नळी भिंतीभिंतीतून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत आणि आमच्या वॉर्डापर्यंत आली. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर काचेची बारकी नळी, तिच्यात एक गोळी. ऑक्सिजन वाहत असला की गोळी वर तरंगते. बंद पडला की खाली बसते. त्यात न समजण्यासारखं काही नाही.

आणि या सगळ्याची राखण करायला व्हरांड्यात, माझ्या टेबलाच्या समोरच्या भिंतीवर, अलार्मची पेटी लावली. बसवायला हैदराबादहून एक माणूस आला होता. मला माहीत नसलेली वस्तू माझ्या वॉर्डात आली की मी विचारल्याशिवाय राहत नाही, स्वभावच तसा. त्याला मी दोन कप चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं.

पेटीवर तीन दिवे होते. हिरवा लागला असला की नळीत दाब बरोबर आहे. पिवळा लागला की चालू रांग संपत आली, मागं जाऊन राखीव रांगेची चावी फिरवा. आणि लाल दिवा लागून भोंगा ओरडला की नळीतला दाबच उतरला, आता हातातलं काम टाका आणि पळा. दाब मोजायला नळीच्या पोटात एक खटका बसवलेला असतो. दाब आहे तोवर तो खटका दाबून धरलेला राहतो. दाब उतरला की खटका सुटतो, आणि पेटीला कळतं. भोंगा गप्प करायला एक बटण असतं, कारण कान फाटत असताना माणसाला काम सुचत नाही. पण बटण दाबलं तरी लाल दिवा विझत नाही. दाब परत येईपर्यंत तो तुमच्याकडं बघतच राहतो, आणि तुम्ही विसरलात तर थोड्या वेळानं भोंगा पुन्हा सुरू होतो. दिव्यांच्या खाली तपासणीचं एक बटण होतं. ते दाबलं की सगळे दिवे लागतात आणि भोंगा एकदा ओरडून दाखवतो, म्हणजे तो जिवंत आहे हे कळतं.

मी त्याला विचारलं, "लाइट गेली तर?"

"अंदर बॅटरी है, अक्का."

"तार तुटली, उंदरानं खाल्ली तर?"

तो हसला. म्हणाला, "तो भी चिल्लाता. ये गूंगा हुआ तो समझो, किसीने जानबूझके गूंगा किया."

हे त्याचं बोलणं मी त्या वेळी यंत्राची तारीफ म्हणून ऐकलं. हे यंत्र असं बांधलेलं होतं, की चुकून बंद पडायचं झालं तरी ते आरडाओरडा करूनच पडेल. त्याला गप्प करायचं तर माणसाला हात लावावा लागतो, आधी लाइटची तार काढावी लागते, मग पेटी उघडून बॅटरीची. एवढी मेहनत कोण कशाला घेईल, असं मला वाटलं.

खंडेनवमी आली.

आमच्या सीमेवरच्या भागात हा सण किती मोठा, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कानडी लोक आयुध पूजा म्हणतात, मराठी खंडेनवमी. शेतातल्या विळ्यापासून एस.टी.च्या बसपर्यंत, पाटी-पेन्सिलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत, पोटाला घालणारी जी वस्तू असेल ती धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावून मांडायची आणि त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. वर्षभर राबली, एक दिवस विसावा. मला त्या रीतीचा कधी राग नव्हता. उलट, आमच्या गावी लोहाराच्या भात्याला फूल वाहिलेलं बघून मला चांगलंच वाटायचं. रीत वाईट नव्हती. ती कुठं लावायची याची अक्कल गहाण टाकली होती.

सणाच्या दिवशी ड्यूटी मलाच असायची. पाळी लावताना मॅनेजर म्हणायचे, "सिस्टर, तुमच्यात तर न्हाई हे." दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आमचा दीक्षेचा दिवस असतो, ती सुट्टी मागितली की त्यांना ते ऐकू यायचं नाही. असो. सकाळी आले तर दवाखाना ओळखू येईना. जीपच्या पुढं केळीचे खुंट बांधलेले, एक्स-रेच्या मशिनीला झेंडूची माळ, शिलाईच्या मशिनीवर हळदीचे पट्टे. आणि माझ्या टेबलासमोर अलार्मच्या पेटीला कुंकवाची बोटं ओढलेली, वर हार, आणि तिन्ही दिवे विझलेले.

मिस्त्रीला हाक मारली. दवाखान्यातला लाइटचा आणि सिलिंडरचा, दोन्ही कामांचा तो एकच माणूस. म्हणाला, "साब बोले वायर निकालो, निकाल दिया. दोनों वायर."

"का?"

"आज आराम है ना, अक्का, सब मशीन को."

मी तशीच मॅनेजरांच्या खोलीत गेले. ते नव्या धोतराच्या निऱ्या सावरत होते. म्हटलं, "साहेब, अलार्म चालू करायला सांगा. वॉर्डात ऑक्सिजनवर लेकरू आहे."

"ऑक्सिजन कुठं बंद केलाय? आमी काय येडे हाव का? ऑक्सिजन चालूच हाय. बंद केलाय तो नुसता भोंगा."

"भोंगा नुसता नसतो, साहेब. ऑक्सिजन संपला तर कळणार कसं?"

"वर्षभर ओरडला का कधी? न्हाई. मग एका दिवसानं काय व्हतंय? सिस्टर, तुमच्यात नसतंय हे, तुमाला कळायचं न्हाई. उद्या सकाळी आरती झाली की लावून देतो."

इथं मला थांबून सांगितलंच पाहिजे, कारण सगळा घोळ इथंच आहे. त्यांच्या लेखी जे यंत्र आवाज करत नाही ते काम करत नाही. एक्स-रे चालला की फोटो निघतो, जीप चालली की धूर निघतो. ही पेटी वर्षभर भिंतीवर गप्प बसून होती, म्हणून ती रिकामटेकडी. तिला एक दिवस विसावा दिला तर कुणाचं काय जातंय? तिचं गप्प बसणं म्हणजेच तिचं काम होतं, हे चहा पिता पिता मला कळलं, आणि दवाखाना चालवणाऱ्या शहाण्यांना कळलं नाही. न कळणं मी एक वेळ समजू शकते. पण मी तोंडानं सांगत होते. उभी राहून, मराठीत, सांगत होते.

मिस्त्रीला म्हटलं, तूच निदान मागच्या खोलीतल्या, दाब दाखवणाऱ्या काट्यांवर नजर ठेव. तो हो म्हणाला. पण त्याला पिवळा दिवा लागला की जायची सवय होती, आणि पूजेची मांडामांड त्याच्याच गळ्यात होती. त्या दिवशी पहाटे ऑपरेशनच्या खोलीत एक अवघड बाळंतपण झालं होतं, त्यात ऑक्सिजन भरपूर गेला होता. चालू रांग अर्धीसुद्धा उरली नव्हती. हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. ध्यानात ठेवायचं काम पेटीकडं होतं, आणि पेटीला हार घातला होता.

आता त्या लेकराचं सांगते. तीन वर्षांचा मुलगा, न्यूमोनिया झालेला. आई संतपूरच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली, विशीतली पोर. लेकराला पदरात गुंडाळून बसनं घेऊन आली होती तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पण ते आता बरं व्हायला लागलं होतं. ताप उतरला होता. त्या सकाळी डॉक्टर तपासून म्हणाले होते, "आता भीती नाही. संध्याकाळपासून ऑक्सिजन कमी कमी करत आणू." मुलानं आईकडं दुधात कुस्करलेली भाकर मागितली होती, आणि ती पोर मला दोनदा येऊन सांगून गेली होती, "अक्का, भाकर मागायलाय बघा." तिच्या तोंडावरचं ते हसू मी पाहिलंय. म्हणूनच पुढचं मी कुणाला माफ करत नाही.

दुपार व्हायच्या आधीची गोष्ट. खाली दालनात पूजा सुरू झाली होती, घंटेचा आवाज वर येत होता. मी दर थोड्या वेळानं उठून त्या काचेच्या नळीतली गोळी बघत होते. दुसऱ्या खाटेवरच्या मुलीची सलाईनची सुई निघाली, ती परत लावायला मी वाकले. शीर सापडेना. सापडली, सुई लावली, मान वर केली तर ती आई लेकराच्या तोंडाकडं बघत उभी.

"अक्का, ह्याचे ओठ असे कामून दिसायलेत?"

गोळी तळाला बसली होती. मी नळीची चावी पूर्ण सोडली. काही नाही. ओठ निळे, मान मागं टाकलेली, श्वास तुटत होता.

वॉर्डाच्या कोपऱ्यात अडीअडचणीसाठी एक सुटा सिलिंडर असायचा. त्याच्याकडं पळत गेले. तोंड उघडायचा लोखंडी पाना सिलिंडरलाच साखळीनं बांधलेला असायचा. साखळी लोंबत होती. पाना नव्हता.

पाना पूजेत मांडला होता. हत्यार ना ते. दवाखान्यातला एकूण एक पाना, पक्कड, कात्री, चिमटा धुऊन नेला होता. हातानं ते तोंड फिरवून बघितलं, बोटांची सालं निघाली, ते हललं नाही. तिला म्हटलं, त्याला उठवून धर, पाठ चोळ, आणि खाली पळत सुटले.

दालनात पिवळं कापड अंथरलेलं. त्यावर सगळी हत्यारं ओळीनं, प्रत्येकावर फूल. ट्रस्टचे अध्यक्ष पाटावर, शेजारी मॅनेजर, भोवती माणसं. डॉक्टरही तिथंच, कपाळाला कुंकू. मी ओरडून सांगितलं, ऑक्सिजन बंद पडलाय, सिलिंडरचा पाना द्या. मिस्त्री उठला आणि मागच्या खोलीकडं पळाला. पाना कापडाच्या मधोमध होता. कुणीतरी तो उचलून माझ्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं.

मॅनेजर म्हणाले, "मांडलेलं हलवायचं न्हाई, सिस्टर. आरती एवढी होऊ द्या."

आरती एवढी होऊ द्या. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. मी पुढचा विचार केला नाही. पायात बूट होते, तशीच कापडावर पाय देऊन आत गेले, पाना उचलला, वळताना समई कलंडली, तेल सांडलं. मागं एकच गलका उठला. मी जिन्यानं वर. डॉक्टर माझ्या मागं आले, तेवढं त्यांचं मी मान्य करते.

सिलिंडर उघडला. नळी लावली. डॉक्टरांनी छाती दाबली, इंजेक्शन दिलं, तोंडानं श्वास दिला. लेकरू परत आलं नाही. आई खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी होती. तिला वाटत होतं आम्ही काहीतरी करतोय आणि आता तो रडेल. डॉक्टर सरळ झाले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं.

एवढ्यात भिंतीवरच्या नळीतली गोळी हलली आणि वर चढली. मिस्त्रीनं मागं राखीव रांग उघडली होती. ती अख्खी रांग सकाळपासून भरलेली उभी होती. एक चावी फिरवायची होती. पिवळा दिवा लागला असता तर त्यानं ती फिरवली असती, रोज फिरवायचा तशी, विडी ओढत ओढत.

संध्याकाळपर्यंत गोष्ट बदललेली होती. त्या आईच्या सासरची माणसं लेकराला न्यायला आली तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले, "आणायला उशीर केलात. फार उशिरा आणलंत." आणि नजर फिरवली. मी तेव्हा मॅनेजरांच्या खोलीत होते, मला तिथं बसवून ठेवलं होतं, जबाब पाहिजे म्हणून. कसला जबाब? पूजेत बूट घालून का गेलात याचा. बाहेर आले तोवर ती माणसं निघून गेली होती. आयाबाईनं मला सांगितलं डॉक्टर काय म्हणाले ते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आई एवढीशी पोर, लेकराला घेऊन जिवाच्या आकांतानं आलेली. तो वाचला होता, भाकर मागत होता. आणि उशीर म्हणे.

सणानंतर ट्रस्टची बैठक बसली. मला उभं केलं. समई मुद्दाम पाडली का? नम्रपणे मागता आलं नसतं का? तुमचं मूळ गाव कोणतं? तुमचे वडील काय करतात? हा शेवटचा प्रश्न दोनदा आला, आणि त्यातून काय काढून घ्यायचंय हे न कळण्याएवढी मी भोळी नव्हते. मी म्हटलं, सरळ विचारा, सरळ सांगते. आम्ही बौद्ध आहोत. आता माझं विचारते. अलार्म बंद करायला कुणी सांगितलं?

सगळे टेबलाकडं बघायला लागले. अध्यक्ष मॅनेजरांना कानडीत म्हणाले, हिला अजून माज आहे. मला कानडी येतं, हे त्यांना माहीत होतं. पूजा बाटवली म्हणून माफी माग, असं ठरलं. मी मागितली नाही. दुसरी सिस्टर मिळेपर्यंत मला काढायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून मी कामावर राहिले. पेटीच्या तारा तर दसऱ्यालाच जोडल्या होत्या. हिरवा दिवा लागला. त्याच्याकडं बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याची काय चूक होती? तरी व्हायचा.

संतपूरला जावं, त्या पोरीला खरं सांगावं, असं मी ठरवून होते. मिस्त्रीकडून तिच्या घरचा पत्ता काढला होता, सुट्टी मागितली होती, ती मिळत नव्हती. तेवढ्यात तीच आली. बाजाराचा दिवस होता. हातात कपड्यांचं गाठोडं. वॉर्डाच्या दाराशी उभी राहिली, आत येईना. त्या खाटेवर दुसरं लेकरू होतं.

मी तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं. पाणी दिलं. बराच वेळ ती गाठोड्याची गाठ चाचपत बसली. मग म्हणाली, "अक्का, एक इचारायचं व्हतं. म्या किती उशीर केला?"

मला पटकन कळलंच नाही.

"एक बस चुकली व्हती माझी. मालक रानात व्हते, त्यास्नी बोलवून आणूस्तवर गेली. त्या बसनं आले असते तर जगला असता का? सासू म्हणती तूच मारलास. मला माहेराला धाडायलेत. म्हटलं जायच्या आधी इचारून घ्यावं. एक बसच व्हती ना? का आदल्या दिशीच आणाया पायजे व्हता?"

ती रडत नव्हती. हिशोब विचारत होती. किती उशीर, तेवढं तिला कळायला हवं होतं, म्हणजे तेवढ्याचा दोष ती जन्मभर उचलणार होती. मी तिचा हात धरला आणि तिला पेटीसमोर उभं केलं.

सगळं सांगितलं. हिरवा दिवा काय, पिवळा काय, लाल काय. नवमीला तारा काढल्या त्या, पाना कुठं होता ते, मागं भरलेली रांग उभी होती ते. काहीही झाकलं नाही. मग मी तपासणीचं बटण दाबलं.

भोंगा ओरडला. वॉर्डातली लेकरं रडायला लागली, आयाबाई पळत आली, खालून मॅनेजर धापा टाकत वर आले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "हिला दाखवायले, हा कसा ओरडतो ते."

ती पेटीकडं बघत होती. "येवढ्या मोठ्यानं ओरडतंय?"

"हो."

"त्या दिशी ओरडलं असतं?"

"ओठ निळे पडायच्या कितीतरी आधी पिवळा दिवा लागला असता. त्यातून चुकलं असतं तर हा ओरडला असता. तुझं लेकरू वाचलं होतं, बाई. तू वेळेवर आणलं होतंस."

मॅनेजर म्हणाले, "सिस्टर, तुमी काय बोलायलाव, तुमाला कळायलंय का? उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून कशाला, आतापासूनच," मी म्हटलं. टेबलातली माझी पिशवी घेतली. पोरीनं माझ्या पांढऱ्या साडीचा पदर धरला होता. म्हणाली, "अक्का, हे माझ्या सासूला येऊन सांगताव का?"

आम्ही दोघी संतपूरच्या बसमध्ये बसलो. वाटेत ज्वारी पोटऱ्यात आलेली, तुरी पिवळ्या झालेल्या. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधूनच मला विचारत होती, खरंच वेळेवर आणलं होतं ना? मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. किती वेळा म्हटलं असेन, मोजलं नाही.

घर दगडी, पुढं अंगण. सासू उडीद पाखडत बसली होती. धिप्पाड बाई, कपाळावर आडवं कुंकू. सुनेला बघून तिचा चेहरा आवळला. "परत कामून आलीस?" सून अंगणाच्या कडेलाच थांबली, गाठोडं हातात तसंच. मी पुढं झाले, मी कोण ते सांगितलं, आणि बोलायला लागले. सासरा आणि नवराही गोठ्यातून येऊन उभे राहिले. त्या बाईनं मला माझी जात विचारली नाही. दवाखान्यातल्या शिकलेल्या माणसांनी दोनदा विचारली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आमी बी पुजतो. नांगर पुजतो, विळा पुजतो. पन दारातल्या कुत्र्याचं तोंड न्हाई बांधत नवमीला."

मी मान हलवली.

"मंग उशीर झाला म्हून कामून सांगितलं आमाला? हिच्यावर कामून घातलं?"

याचं उत्तर मला येत होतं. किती दिवस ते माझ्या पोटात जळत होतं. मी म्हटलं, "कारण त्यांना वाटलं, ही परत येऊन विचारणार नाही. खेड्यातली पोर, तिला जे सांगू ते ती घरी घेऊन जाईल. कुणीच विचारत नाही, मावशी. त्याच भरवशावर सांगतात."

सासूनं मान वळवली. सून अजून अंगणाच्या कडेलाच उभी होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती तिनं. सासू तिच्याकडं बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती.

"आन् तू गेलीस व्हय इचारायला? येकटी?"

"व्हय," ती म्हणाली. "गेले."